थोरल्यांचा हात

त्याला सगळे वेधशाळा म्हणत. खरं नाव सलूनच्या पाटीवर ठसठशीत रंगवलेलं होतं, पण केस कापायला जाताना पाटी कोण वाचतं? “जरा वेधशाळेत जाऊन येतो,” असं सांगून माणसं घरातून निघत आणि जेवायच्या वेळेपर्यंत परतत नसत. घरच्यांनी फैलावर घेतलं तर म्हणत, सोंड उतरायची होती, मध्येच कसा उठणार.

ही सोंड कुठली ते आधी सांगायला हवं. जगाच्या पार पलीकडच्या टोकाला एक सपाट मुलूख आहे. तिथे वर्षातले काही महिने आभाळ रोज संध्याकाळी कंबर कसून भांडायला उठतं. काळेनिळे ढग गरगरायला लागतात, त्यांच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखं काहीतरी लोंबतं आणि ते जमिनीला टेकलं की वाटेत येईल ते उचलून नेतं. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची सकाळ. त्यामुळे तिकडच्या एका छोट्याशा टीव्ही केंद्रावर वादळाचं थेट प्रक्षेपण सुरू होई तेव्हा इकडे सलूनमध्ये ऐन गर्दीची वेळ असे. वादळ आणि गिऱ्हाईक एकदमच येत, आणि वेधशाळेचा जीव दोघांमध्ये ओढला जाई. बहुतेक वेळा वादळ जिंके.

त्याच्या स्वतःच्या गावाला हवामान म्हणावं असं काही नव्हतंच. ऊन पडे ते बेताचं, पाऊस पडे तोही परवानगी मागून आल्यासारखा. लहानपणी एकदाच काय ती मजा झाली होती. वडिलांच्या दुकानासमोर एक वावटळ आली आणि दोरीवर वाळत घातलेले टॉवेल घेऊन नाचत नाचत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. टॉवेलांमागे वडील, वडिलांमागे तोंडाला साबण फासलेलं गिऱ्हाईक, आणि त्याच्यामागे पोट धरधरून हसणारा हा. परत आल्यावर कानाखाली वाजली ती वाजलीच, पण त्या दिवसापासून आभाळ जरा काळवंडलं की याच्या पोटात गुदगुल्या होऊ लागल्या. पुढे दुकान त्याच्याकडे आलं, लग्न झालं, त्याचे स्वतःचेच केस विरळ झाले, पण गुदगुल्या काही गेल्या नाहीत.

त्या गुदगुल्यांना खतपाणी घातलं ते केबलवाल्याने. सलूनमध्ये नवा टीव्ही बसवायला आला असताना चॅनेल लावता लावता त्याच्या हाताला हे तिकडचं केंद्र लागलं. पडद्यावर एक सोंड शेतातून चालली होती. वेधशाळेच्या हातातली कैची थांबली. “बदलू नकोस,” तो म्हणाला, आणि ते चॅनेल त्यानंतर कधीही बदललं गेलं नाही. टीव्ही लागला मागच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर, कारण विजेचा प्लग तेवढा एकच मोकळा होता. पण त्याने कुणाचं काही अडलं नाही. खुर्चीतलं गिऱ्हाईक समोरच्या मोठ्या आरशात टीव्ही बघे, वेधशाळा त्याच्या डोक्यावरून त्याच आरशात बघे, आणि बाकड्यावर बसलेलेही मान उंचावून वर बघण्याऐवजी आरशातच बघत. तिकडची भाषा कुणाला येत नव्हती, आणि लिपी म्हणजे सगळ्यांच्या लेखी नुसती नक्षी. पण वादळाला भाषा कशाला लागते? लाल म्हणजे गारा, जांभळं म्हणजे पळा, एवढं कळलं की काम भागतं.

नकाशासमोर उभा राहून बोलणारा तिकडचा हवामानवाला नेहमी सुटाबुटात असे, आणि तो बोलायला लागला की सगळ्यांना गप्प बसावं लागे. म्हणून त्याचं नाव पडलं जावई. जावई आले का, जावई आज रुसलेत का, अशी दुकानात चौकशी चाले. आणि इथेच वेधशाळेचं खरं कसब दिसे. तो वादळाचा अंदाज ढगांवरून कमी आणि जावयाच्या केसांवरून जास्त बांधे. जावयाचा हात भांगाला गेला तर गारा. हात मागे मानेवर गेला की सोंड उतरणार म्हणजे उतरणार. “मानेला हात गेला,” असं वेधशाळेने जाहीर केलं की बाकडं पुढे सरके, खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीनिशी उठून बसे, रस्त्यावरून जाणारा औषधवाला दुकान उघडायचं सोडून आत शिरे आणि सगळे मिळून ओरडत, “ये, ये, खाली ये!” सोंड टेकली की टाळ्या. एकदा तर टाळ्यांच्या भरात औषधवाल्याची अर्धी मिशी गेली, आणि ती परत येईपर्यंत तो तोंडाला रुमाल लावून औषधं विकत होता.

वेधशाळेची बायको एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करी. नाना देशांची माणसं तिथे उतरत, त्यामुळे तिला तिकडची भाषा चांगली येई, पण दुकानात येऊन वादळाचा अनुवाद करायला तिने साफ नकार दिला होता. ते खूळ घराच्या उंबऱ्याबाहेर ठेवायचं, अशी तिची तंबी होती. घरात टीव्ही नव्हता, आणि वेधशाळेचा फोन असा जुनाट की त्यावर फोन करता येई हेच पुष्कळ. एकदाच ती डबा द्यायला दुकानात आली असताना पडद्यावर कुणाच्या तरी घराचं छप्पर पत्र्याच्या डब्याचं झाकण निघावं तसं निघालं आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ती डबा ठेवून म्हणाली, “तिथे माणसं राहतात हो.” दुकान क्षणभर ओशाळलं. मग दुसरी सोंड उतरली आणि ते विसरून गेलं.

वेधशाळा मात्र पुरता विसरला नव्हता. कारण तिथे राहणाऱ्या एका माणसाशी त्याचं नातं जडलं होतं, आणि ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. जावई नकाशाकडे वळला की त्याची मान मागून दिसे. आणि मानेवरची ती केसांची कड बघून वेधशाळा पहिल्याच दिवशी मनातल्या मनात उठून उभा राहिला होता. कैचीचा मार कुठे दिसत नव्हता. केस जणू आपणहून तिथवर वाढून थांबले होते. फक्त डाव्या कानामागे ती कड तांदळाच्या दाण्याएवढी वर चढलेली होती. चूक नव्हे ती. दर वेळी तेवढीच, त्याच जागी. तो त्या हाताचा स्वभाव होता, सहीच्या शेवटी येणारा फराटा असतो तसा. वेधशाळेने ताडलं की हा कारागीर डावखुरा आहे, म्हातारा आहे, आणि आपल्यापेक्षा फार मोठा आहे. तेव्हापासून तो त्याला मनात थोरले म्हणू लागला. दुकानात थोरल्यांची गोष्ट निघाली ती फार पुढे, आणि निघाली तेव्हा सगळ्यांनी ती तात्काळ मान्य केली. इतकी वादळं एकत्र बघितल्यावर एवढा विश्वास टाकणं भागच होतं.

थोरल्यांसारखी कड आपल्या हातून उतरावी म्हणून वेधशाळेने काय नाही केलं? उजव्या हाताने डाव्या कानामागे ती तशी चढेना. तेव्हा हा बाबा डाव्या हाताने वस्तरा धरायला शिकला. शिकेपर्यंत गल्लीतल्या बऱ्याच माना चिकटपट्ट्या लावून फिरत होत्या आणि औषधवाल्याचा धंदा तेजीत होता. पण साधलं. काही दिवसांनी अशी वेळ आली की गावात कुठल्याही रांगेत मागे उभं राहिलं तर पुढच्या मानेवर थोरल्यांची कड दिसे, डाव्या कानामागे दाणाभर वर चढलेली. वेधशाळा रांगेतून चालताना उगाचच सुखावत असे.

आणि मग ती सकाळ आली. जावयाचा हात आधी भांगाला गेला, लगेच मानेला गेला, आणि मग मानेवरच राहिला. असं कधी झालं नव्हतं. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. नकाशावर जांभळा डाग आकड्यासारखा वळला होता आणि सरकत होता. सोंड उतरली ती अशी जाडजूड की तिला सोंड म्हणवेना, भिंतच ती. दुकान बेभान झालं. “ये, ये, खाली ये!” वेधशाळा कैची वर धरून सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता. मग केंद्राच्या गच्चीवरच्या कॅमेऱ्यातून एक रस्ता दिसला, दुकानांची रांग दिसली, आणि रांगेच्या मागे ती भिंत दिसली. जावयाने मागे वळून बघितलं, आणि त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला. पडदा काळा झाला.

कुणी टाळी वाजवली नाही. जावई इतकी वर्षं ज्या गावांची नावं घेत होता ती सगळी वेधशाळेच्या लेखी पडद्यावरची होती. आज वादळ जावयाच्याच गावात आलं होतं, आणि जावयाच्या गावात थोरले होते. वेधशाळा हात तसाच वर धरून उभा राहिला. त्याच्या कानात त्याचाच आवाज घुमत होता, ये, ये.

केंद्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याने बायकोला हॉटेलातून बोलावून आणलं. ती आली. तिने सगळं ऐकून घेतलं, आणि दुकानातल्यांना जमेल तेवढ्या हळू आवाजात सांगितलं की बाजारपेठेची अख्खी रांग झोपली. तळघरात उतरलेले वाचले, बाकीच्यांचा शोध चालू आहे. जावई धडधाकट होता, पण त्याने दाढी केली नव्हती. वेधशाळेने विचारलं, सलूनबद्दल काही म्हणाला का? सलूनबद्दल तो काही म्हणाला नव्हता.

मग सुरू झाली ती जावयाच्या केसांवरची पाळत. केस कानावर आले. केस कॉलरवर टेकले. इतका नीटनेटका माणूस, रोज टीव्हीवर येणारा, केस कापायला का जात नाही? एक दिवस त्याचे केस कापलेले दिसले, आणि वेधशाळा आरशाला नाक लावून बघू लागला. कुणीतरी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापले होते. मागून उंदरांनी कुरतडल्यासारखे. जावयाच्या बायकोचं काम, त्याने मनात म्हटलं, म्हणजे गावात केस कापायला कुणी उरलंच नाही. स्वतःच्या बायकोला त्याने अखेर थोरल्यांची सगळी हकिकत सांगितली. ती हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. ती म्हणाली की केंद्राला फोन करून मी विचारते, मला भाषा येते, त्यात काय. त्याने तिचा हात धरला.

“नको. हो म्हणाले तर ठीक आहे. नाही म्हणाले तर मी काय करू?”

त्या संध्याकाळी त्याने टीव्ही भिंतीवरून उतरवला. दुकानात ठेववेना म्हणून घरी आणला, आणि टाकून देववेना म्हणून बाहेरच्या खोलीतल्या कपाटावर ठेवला, तोही बंद. दुकानात मग केस कापण्याखेरीज काहीच होईना. गिऱ्हाइकं येत, गप्प बसत, गप्प उठत आणि जेवायच्या वेळेच्या किती आधी घरी पोचत. त्यांच्या घरच्यांना ते काही फार आवडलं नाही. वेधशाळा घरी येई, भाजी मुकाट्याने निवडे, भांडी मुकाट्याने लावे, अंघोळीला गेला की पूर्वी गाण्यांचा जो काही खून पाडायचा तोही बंद झाला. बायकोने पुष्कळ दिवस सोसलं. इतकी वर्षं जी कटकट वाटत होती तीच नसल्यावर घर खायला उठलं होतं. शेवटी तिने केबलवाल्याकडून घरी वायर ओढून घेतली आणि एका सकाळी कामावर जायच्या आधी स्वतःच्या हाताने टीव्ही लावला. स्वतःचीच तंबी मोडली.

तो आत दाढी करत होता. तिची हाक आली, “अहो, तुमच्या जावयाने केस कापलेत.”

तो तसाच साबण लावलेला बाहेर धावला. जावई नकाशाकडे वळला होता. मान स्वच्छ, केस सुबक, कैचीचा मार कुठे दिसत नव्हता. वेधशाळा टीव्हीच्या आणखी जवळ सरकला. कड चढली होती ती उजव्या कानामागे.

“हे थोरले नव्हेत,” तो म्हणाला.

बायकोने समजूत घालून बघितली. तो ऐकेना. एवढ्या जवळ जाणारा हात, असं त्याने तिला समजावलं, म्हणजे मुलगा असणार किंवा शिष्य, उजव्या हाताचा. थोरल्यांसमोर बसून शिकला असेल. पण जावयासारखा माणूस थोरले असताना दुसऱ्याच्या खुर्चीत बसेल का? थोरले हयात असते तर दुसऱ्याने त्या मानेला हात लावला असता का? आपल्या धंद्यात असं होत नाही. दाढी अर्धी ठेवून तो खाली बसला, आणि बायकोने त्याच्या गालावरचा वाळलेला साबण पुसून काढला.

दुकानात त्याने थोरल्यांची गोष्ट सांगितली, आणि मग ही बातमी. औषधवाल्याने टोपी काढली. वापरात नसलेल्या दुसऱ्या खुर्चीवर वेधशाळेने एक कोरा टॉवेल घडी करून ठेवला, आणि त्या खुर्चीकडे तोंड करून सगळे उभे राहिले. केबलवाला चार शब्द बोलला. थोरले फार मनमिळाऊ होते, असं तो म्हणाला. गिऱ्हाइकाला कधी ताटकळत ठेवलं नाही. कुणीतरी म्हणालं की त्यांना मासे पकडायचा नाद होता. औषधवाल्याने त्यांना गुडघेदुखी होती असं ठामपणे सांगितलं, कारण दिवसभर उभं राहणाऱ्या माणसाला ती असतेच. बघता बघता थोरल्यांना दोन मुली झाल्या, एक बोलका पोपट झाला, आणि सगळ्यांचे डोळे खरोखरच भरून आले. ज्याला कुणी कधी बघितलं नव्हतं त्याच्यासाठी एवढी माणसं रडली, हे सांगून कुणाला पटायचं नाही. पण त्या दुकानात बसून ज्याने वादळं बघितली असतील त्याला पटेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको घाईत होती. तिकडे पुन्हा ढग जमले होते, जावई पहाटेपासून नकाशासमोर होता, आणि तिने टीव्ही चालूच ठेवला होता. तो बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर खुर्ची टाकून बसला होता, बघत होता की नुसता बसला होता कोण जाणे. ती आतल्या खोलीच्या दारात, तिथल्या कपाटाच्या आरशासमोर उभी राहून केसांना पिना लावत होती. तोंडात पिना धरूनच ती म्हणाली की काल उगाच सगळं गाव रडवलंत, कड डाव्या कानामागेच तर आहे.

“उजव्या,” तो तिकडून म्हणाला.

“डाव्या. मला चांगली दिसतेय.”

त्याला राग आला. आयुष्यभर माना कापल्या, म्हणजे माना बघितल्या, आणि ही मला डावंउजवं शिकवणार. तो म्हणाला उजव्या. ती म्हणाली डाव्या. तो म्हणाला चष्मा लाव. ती म्हणाली तुम्हीच लावा. जावई बिचारा पाठ करून उभा होता आणि त्याच्या दोन कानांवरून एका सुखी संसाराला तडा जायची वेळ आली होती. बायकोही हट्टाला पेटली होती. दिवसभर लोकांना अगदी बरोबर खोलीची किल्ली देणारी बाई, तिला कुणी डावंउजवं कळत नाही म्हणतं म्हणजे काय.

“तू बघतेस कुठून?” त्याने अखेर विचारलं.

“आरशातून. तुमच्या जावयाकडे वळून बघायला मला वेळ आहे का?”

खुर्ची सरकल्याचा आवाज आला म्हणून तिने मागे बघितलं. वेधशाळा खुर्चीतून उठला होता. घरी पडून असलेल्या आजारी गिऱ्हाइकांकडे जाताना न्यायची त्याची पिशवी खुंटीला होती. त्यातून त्याने हातआरसा काढला, ज्यात तो रोज प्रत्येकाला त्याची मान मागून दाखवी तो. टीव्हीकडे पाठ करून तो उभा राहिला आणि हातआरसा डोळ्यांसमोर धरला. आरशात कपाट आलं, छत आलं, मग टीव्ही आला. पण जावई आता तोंड करून उभा होता, आणि सारखा बोलत होता.

“वळ,” वेधशाळा पुटपुटला. “वळ ना रे बाबा.”

बायको तोंडातल्या पिना काढून त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तीही कुजबुजली, वळ. जगाच्या पलीकडच्या टोकाला जावयाने नकाशावर काहीतरी दाखवायला हात उचलला आणि तो वळला. आरशात मान आली. डाव्या कानामागे कड दाणाभर वर चढलेली होती. तेवढीच, त्याच जागी.

ते होते. थोरले होते. कुठल्यातरी मोडक्या खुर्चीत, कुठल्यातरी उसन्या जागेत, पण त्यांनी पुन्हा वस्तरा धरला होता, आणि इतकी वर्षं हा ज्यांना दुकानातल्या आरशात उलटं बघत आला होता ते उजव्या हाताचे होते. साधे, उजव्या हाताचे. वेधशाळेने आरशात बघत हळूच मान हलवली. रोज त्याची गिऱ्हाइकं हलवत तशी, मागून ठीक आहे म्हणून. “ठीक आहे, थोरले,” तो म्हणाला, आणि मग जो हसायला लागला तो थांबेना. डावा हात पुढे धरून त्याच्याकडे बघून हसला. चिकटपट्ट्या लावलेल्या माना आठवून हसला. गल्लीतल्या रांगा आठवल्या, सगळ्या डाव्या कानामागे चढलेल्या, आणि तो जमिनीवरच बसला. बायकोही बसली. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं ते त्याला कळलं नाही, तिला कळलं. त्या दिवशी हॉटेलात किल्ल्या उशिराच मिळाल्या.

टीव्ही काखोटीला मारून तो दुकानात गेला. बातमी फुटायला वेळ लागला नाही. औषधवाला टोपी घालून आला, केबलवाला शिडी घेऊन आला. आपण काल गुडघेदुखीसकट पोचवलेला माणूस जिता आहे याचा सगळ्यांना इतका आनंद झाला की पोपटही परत मिळाल्यासारखा वाटला. केबलवाला म्हणाला की आता टीव्ही समोरच्या भिंतीवर लावू, वायर ओढतो, म्हणजे सगळं सरळ दिसेल. वेधशाळेने नको म्हटलं. थोरले त्याला असेच माहीत होते. टीव्ही मागच्या भिंतीवर, बाकड्याच्या वर, त्याच खिळ्याला लागला.

तेवढ्यात जावयाचा हात मानेला गेला. आकड्यासारखा जांभळा डाग पुन्हा त्याच गावाकडे सरकत होता. औषधवाल्याच्या तोंडून सवयीने “ये” निघालं आणि अर्ध्यावर विरलं. वेधशाळेने आरशात सगळ्यांकडे बघितलं. मग त्याने कैची वर धरली आणि जिवाच्या आकांताने ओरडला, “वळ!” आणि अख्खं दुकान ओरडलं, “वळ, वळ!” रस्त्यावरची माणसं थांबली. इतक्या मोठ्याने तर त्यांनी सोंडेला कधी बोलावलंही नव्हतं. डाग थबकला, हलला, आणि गावाला बगल देऊन शेतांकडे निघून गेला. टाळ्या पडल्या त्या अशा की शेजारच्या दुकानाचं शटर वाजलं. जावयाने मानेवरचा हात काढला. मग बाकड्यावर वाद पेटला की तो डावीकडे वळला की उजवीकडे, आणि त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

वेधशाळा दुसऱ्या खुर्चीपाशी गेला. कालचा कोरा टॉवेल तिथे घडी करून तसाच पडला होता. त्याने तो उचलला, हवेत फटकन झटकला आणि औषधवाल्याच्या गळ्याभोवती गुंडाळला. मानेपाशी आल्यावर तो थांबला. थोरल्यांसारखी करायची तर आता उजवीकडे, उजव्या हाताने. सोपं काम. पण दोन भाऊ समोरासमोर उभे राहिले तर एकाचा उजवा हात दुसऱ्याच्या डाव्या हातासमोरच येतो. त्याने वस्तरा डाव्या हातात घेतला, औषधवाल्याच्या डाव्या कानामागे कड दाणाभर वर चढवली, आणि मागे हातआरसा धरून विचारलं, ठीक आहे का. औषधवाल्याने मान हलवली.